आईने बटण दाबलं, पण दार कोण उघडणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांच्या, ठाण्याला नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बाबा मागच्या वर्षी गेले, तुम्ही बंगळुरूला, दोन महिन्यांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या आणि कामवाल्या मावशी येईपर्यंत तशाच बसून होत्या. तुमच्याकडे यायला तयार नाहीत. आणि तुम्ही विचारताय, कॅमेरा कुठला घेऊ, स्मार्ट वॉच कुठलं घेऊ, चाळीस हजारांपर्यंत बजेट आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, अठरा वर्षं ठाण्यात आणि नव्या मुंबईत घरोघरी जाऊन काम करते. म्हणजे आजारपणानंतर किंवा वय झाल्यावर माणसाला स्वतःच्या घरात आपलं आपण करता यावं म्हणून घर, वस्तू, सवयी यांची जुळवाजुळव करून देणं हे माझं काम. गेल्या सात-आठ वर्षांत त्यात ही मदतीला बोलवायची बटणं, सेन्सर, घड्याळं आली, ती मी बसवूनही घेते आणि अर्ध्या वेळा काढूनही टाकते. तर कॅमेऱ्याचं उत्तर शेवटी देते. आधी मला सांगा, तुमच्या आई रात्री दाराला आतून वरची कडी लावतात का?

का विचारते ते सांगते. चरईत एक काका होते, ८१ वर्षांचे, एकटे. मुलाने अमेरिकेतून उत्तम घड्याळ पाठवलेलं, पडल्यावर आपोआप कळवणारं. एका सकाळी साडेसहाला ते पलंग आणि कपाटाच्या मधे पडले, घड्याळाने काम चोख केलं, मुलाला मेसेज गेला, पण तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले, तो सिनेमाला, फोन सायलेंट. मुलगी नाशिकला, तिने दहा मिनिटांनी बघितला आणि शेजारच्या काकूंना फोन केला, काकूंकडे डुप्लिकेट चावी होती, त्या धावत गेल्या, लॅच उघडलं, आणि दार हलेना. आतून वरची कडी. मग वॉचमन, मग सुतार, सुतार इतक्या सकाळी कुठे मिळणार, शेवटी फायर ब्रिगेड. आत जायला सव्वा तास लागला. काकांचं हाड मोडलेलं नव्हतं, पण एकाच कुशीवर फरशीवर सव्वा तास म्हणजे खांदा आणि कमरेच्या बाजूला लालभडक चट्टे, तोंड कोरडं, आणि त्यानंतर दोन महिने ते एकटे बाथरूमला जायला घाबरायचे. पडणं एक, पडून राहणं दुसरं, आणि हे दुसरं बरेचदा जास्त वाईट असतं कारण तासाच्या वर पडून राहिलं की कातडीला जखमा, शरीरातलं पाणी कमी होणं, दबलेल्या स्नायूंमुळे किडनीवर ताण, हे सगळं सुरू होतं. घड्याळ पन्नास हजारांचं होतं, कडी साठ रुपयांची.

तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी दार बघते. तुमचं काय करायचं तर वरची कडी आणि अडसर काढून टाकायचे, बाहेरून चावीने उघडेल असं एकच चांगलं कुलूप ठेवायचं, सेफ्टी डोअरलाही तेच. आई म्हणतील मग चोर आला तर. त्यावर वाद घालू नका, त्यांची भीती खोटी नाही, एकटी बाई आहे. दाराला डोळा आणि सेफ्टी डोअरला साखळी बसवून द्या, पण साखळी फक्त दार किलकिलं करून बोलण्यापुरती, रात्री लावून झोपायची नाही हे दहा वेळा सांगा. चाव्या तीन करा. एक समोरच्या घरी, एक त्याच बिल्डिंगमध्ये पण वेगळ्या मजल्यावरच्या घरी, एक ठाण्यातल्याच नातेवाइकाकडे. वॉचमनकडे चावी देऊ नका, तो माणूस वाईट असतो म्हणून नाही तर दर चार महिन्यांनी बदलतो म्हणून.

आता बाथरूम. जुन्या बिल्डिंगमधली बाथरूम तीन बाय पाचची, दार आत उघडणारं. माणूस आत पडला की तो दाराला टेकूनच पडतो आणि बाहेरच्याने कितीही ढकललं तरी दार उघडत नाही, उलट आतल्यालाच लागतं. ऐरोलीत एका घरी मी स्वतः तासभर बाहेर बसून आतल्या मावशींना सांगत होते की हळूहळू पाय आखडा, अजून थोडे आखडा, मग फटीतून हात घालून त्यांच्या पाठीमागे टॉवेल सरकवला. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने लावून दार बाहेर उघडणारं करून घ्या, सुतार अर्ध्या दिवसात करतो. आतली कडी काढा आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं ते लॅच लावा. ग्रॅब बार, म्हणजे धरायचा आधाराचा दांडा, लावताना विटेच्या भिंतीत चांगल्या लांबीचे फिशर (स्क्रू घट्ट धरणारे प्लग) घालून घट्ट, आणि लावल्यावर तुम्ही स्वतः अख्खं वजन टाकून लोंबकळून बघा. टॉवेलचा रॉड म्हणजे ग्रॅब बार नाही, पडताना माणूस तोच धरतो आणि तो भिंतीतून उपटून हातात येतो. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारे म्हणून खर्च नको असं तुमच्या मनात असेल (नौपाड्यात सगळ्यांच्याच मनात असतं, मी वर्षानुवर्षं ऐकतेय) तर बार आणि लॅच पुढच्या घरी काढून नेता येतात, मोडलेला खुबा नेता येत नाही.

हो, आणि आई कशामुळे पडल्या हे कुणी बघितलं का? तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही. घसरल्या, की उठताना अंधारी आली? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बीपीची गोळी चालू असेल तर घरीच बघता येतं, पाच मिनिटं आडवं पडून बीपी मोजायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत, शेजारी कुणीतरी उभं पाहिजे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, गोळीची वेळ किंवा डोस बदलावा लागतो. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या असतील तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या, ते उतरलं की म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी वागतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं. झोपेची गोळी आहे का बघा. चष्मा दोन नंबरांचा असेल तर जिना उतरताना खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते, तुमचा तर जिनाच आहे. आणि बाबा गेल्यापासून त्या नीट जेवतात का? एकटीसाठी कुकर कोण लावतंय म्हणत चहा-खारीवर दिवस काढणाऱ्या बायका मी इतक्या बघितल्यात, आणि त्यांच्या पायातली ताकद सहा महिन्यांत जाते. यातलं काहीही कॅमेऱ्यात दिसणार नाही.

आता बटण. घड्याळ की गळ्यातलं बटण, तर तुमच्या आईंसाठी मी गळ्यातलं किंवा मनगटावरचं साधं वॉटरप्रूफ बटण म्हणेन. भारी घड्याळं वाईट नाहीत, ॲपलच्या घड्याळात २०१८ पासून पडल्याचं ओळखण्याची सोय आहे आणि जोरात पडून माणूस मिनिटभर हलला नाही तर ते आपणहून फोन लावतं, पण ते रोज चार्ज करावं लागतं, आणि आपल्याकडची माणसं आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवतात. म्हणजे जिथे पडतात नेमकं तिथेच ते नसतं. शिवाय ही ओळख धाडकन पडण्यासाठी असते, पलंगावरून हळूच घसरत खाली बसलेल्या माणसाचं तिला काही कळत नाही, उलट वाशीतल्या माझ्या एका आजी गणपतीच्या आरतीत जोरात टाळ्या वाजवायच्या आणि घड्याळ विचारायचं तुम्ही पडलात का. त्या घड्याळालाच उत्तर द्यायच्या, नाही रे बाबा, आरती चाललीये.

बटणाचं खरं दुखणं वेगळं आहे, ते गळ्यात नसतं. मी अचानक घरी गेले की दहातल्या सहा घरी ते देवघराच्या खिळ्याला अडकवलेलं असतं, माळेसारखं. काही ठिकाणी तर हळदकुंकू लागलेलं. ही फक्त आपलीच गत नाही, केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या पडण्याचा अभ्यास २००८ साली छापून आला त्यातही हेच, बटणाची सोय बऱ्याच जणांकडे होती पण पडून बराच वेळ राहिलेल्यांनी बहुतेक वेळा ते वापरलंच नाही. का नाही? कुणाच्या हाताशी नव्हतं, कुणाला वाटलं उठेन माझं मी, कुणाला उगाच लोकांना त्रास नको वाटलं. हे 'उगाच त्रास नको' तर आपल्या आयांचं ब्रीदवाक्य. त्यावर माझ्याकडे एकच उपाय चाललाय, संकष्टीला बटण दाबायचं. महिन्यातून एकदा संकष्टी येतेच, कॅलेंडरवर लाल गणपती असतो, लक्षात ठेवावं लागत नाही, सकाळी चहा झाला की बटण दाबायचं आणि कोण फोन उचलतं, किती वेळात उचलतं, शेजारच्या काकू खरंच येतात का ते बघायचं. काकूंना त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊ घाला. दोन-तीन संकष्ट्या झाल्या की दाबायची लाज जाते, आणि कुणाचा नंबर बदललाय, कुठली बॅटरी गेलीये हेही तेव्हाच सापडतं.

दाबल्यावर पुढे काय, यावर सगळं अडतं. ब्रिटनमध्ये या प्रकाराला टेलिकेअर म्हणतात आणि तिथे ही गोष्ट कित्येक वर्षं जुनी आहे, बटण दाबलं की कॉल सेंटरला आवाज जातो, तिथला माणूस घरातल्या डब्यातून बोलतो, आणि बऱ्याच ठिकाणी दाराबाहेर नंबरच्या कुलुपाची छोटी पेटी असते ज्यात चावी ठेवलेली असते, येणारा माणूस नंबर लावून चावी घेतो. इतकी व्यवस्था असूनही २००८ पासून कॉर्नवॉल, केंट आणि लंडनचं न्यूहॅम इथे सहा हजारांवर लोकांना घेऊन घरच्या उपकरणांची जी मोठी चाचणी झाली त्यात टेलिकेअरच्या भागात वर्षभरात हॉस्पिटलमध्ये भरती होण्यात फार फरक दिसला नाही. याचा अर्थ बटणं फेकून द्या असा मी घेत नाही, मी इतकाच घेते की यंत्र लावलं म्हणजे काळजी घेतली असं होत नाही. आपल्याकडे तर कॉल सेंटर असलं तरी ते दुसऱ्याच शहरात, ते फोन करून तुम्हालाच विचारणार की सर आता काय करू. तेव्हा कुठल्याही कंपनीशी बोलताना फीचर ऐकत बसू नका, विचारा की बटण दाबल्यावर नौपाड्यात दारात प्रत्यक्ष माणूस कोण येणार, रात्री अडीच वाजता पण येणार का, आणि महिन्याचे पैसे बंद केले तर यंत्र चालू राहतं का. तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण चाचरतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे जी कुणी सांगत नाही. तुम्ही बंगळुरूहून १०८ किंवा ११२ लावलात तर तो कर्नाटकात लागेल, ठाण्यात नाही. म्हणून ॲम्ब्युलन्सला फोन करणारा माणूस ठाण्यातलाच पाहिजे, आणि तुमच्या फोनमध्ये आईजवळच्या एक-दोन हॉस्पिटलांच्या ॲम्ब्युलन्सचे सरळ नंबर पाहिजेत, पूर्ण, एसटीडी कोडसकट. फ्रिजवर किंवा दारामागे एक कागद चिकटवा मोठ्या अक्षरात, आईंचं वय, आजार, गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लाल पेनने, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे ते. दुसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे उचलून खाली आणायला चार जण लागणार, त्या चार जणांची नावं आत्ताच ठरवा.

माणसं दोन याद्यांत लिहा. पाच मिनिटांत येऊ शकणारी आणि तासाभरात येऊ शकणारी. घोडबंदर रोडला राहणारी मावशीची सून दुसऱ्या यादीत जाते, ती कितीही प्रेमळ असो, संध्याकाळी सात वाजता त्या रस्त्याने नौपाडा गाठून दाखवा. पाच मिनिटांच्या यादीत समोरच्या काकू, खालचा दुकानदार, वरचा कॉलेजचा मुलगा. आणि गणपतीत काय? आपल्याकडे गणपतीत आणि शिमग्याला अर्धी बिल्डिंग कोकणात, मे महिन्यात उरलेली अर्धी. मी एका वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी एका पेशंटचे चारही नंबर लावले, एक कणकवली, एक गुहागर, एक ट्रेनमध्ये आणि चौथा फोन बंद. त्या आठवड्यांपुरती तुम्हीच इकडे या किंवा दिवसरात्रीची बाई ठेवा, दुसरा मार्ग मला अजून सापडलेला नाही. आईंना मोबाईलवर १४५६७ पण सेव्ह करून द्या, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ, इमर्जन्सीसाठी नाही पण पेन्शन, कायदेशीर अडचण, नुसतं बोलावंसं वाटणं यासाठी बरी आहे.

सेन्सरबद्दल. मला स्वतःला सगळ्यात आवडलेला प्रकार हाच, कारण तो गप्प असतो. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये गरम पाण्याचं एक भांडं काढलं, आईने चहासाठी पाणी कधी घेतलं याचा मुलाला मेसेज जायचा, बस इतकंच. कॅमेरा नाही, बटण नाही, आज चहा झाला म्हणजे आई उठलीये. आपल्याकडे चहा गॅसवर, त्यामुळे आपण स्वयंपाकघरात हालचालीचा छोटा सेन्सर लावतो, आणि एक दाराला, एक बाथरूमच्या दाराला. नियम अगदी मोजके ठेवा. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात कुणी गेलं नाही तर कळव. बाथरूमचं दार पाऊण तास बंद राहिलं तर कळव. रात्री अकरा ते पाच बाहेरचं दार उघडलं तर कळव. एवढे पुरे. सुरुवातीला हौसेने पंधरा नियम लावतात, दिवसाला चाळीस मेसेज येतात, आणि तिसऱ्या आठवड्यात मुलगा नोटिफिकेशन बंद करून टाकतो, मग ज्या दिवशी खरं होतं तो मेसेज पण त्यातच जातो. हो आणि सेन्सरला आई आणि कामवाल्या मावशी यातला फरक कळत नाही, मावशींकडे चावी असेल तर त्यांच्या फेऱ्या आईंच्या समजाल, म्हणून सकाळचा नियम मावशी यायच्या आधीच्या वेळेचा ठेवा.

सेन्सरचा एक फायदा असा झाला जो मी आधी धरलाच नव्हता. नेरूळचे एक काका, मुलगी पुण्याला, तिला एका आठवड्यात दिसलं की बाबा रात्री दोनदा उठायचे ते आता पाच-सहा वेळा उठतायत. काका फोनवर म्हणायचे मी ठणठणीत. तिने मला विचारलं, मी म्हटलं लघवी तपासा, इन्फेक्शन निघालं, ताप यायच्या आत औषध सुरू झालं. रात्री सहा वेळा अर्धवट झोपेत उठणारा माणूस कधीतरी पडतोच, तेही टळलं. म्हणून मी म्हणते रोजचं बघू नका, रविवारी चहा घेताना आठवड्याचा आलेख बघा, सवय बदलली का एवढंच.

पण सेन्सर गप्प बसला म्हणजे सगळं छान असं नाही, त्याचा सेल गेलेला असू शकतो. आणि लाइट. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय का, कळवा-पडघा लाइनवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली, लोकल थांबल्या. त्या दिवशी माझ्या यादीतल्या ज्या घरांत वायफायवर चालणारी यंत्रं होती ती राउटरबरोबर सगळी आंधळी झाली, परदेशातल्या मुलांचे मला फोन, ॲपवर आई ऑफलाइन दिसतेय. आई ऑफलाइन! ती गॅलरीत बसून शेजारणीशी गप्पा मारत होती. राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा, तो घ्याच, दोन-चार तास काढतो. बटण शक्यतो सिम कार्डवर चालणारं घ्या म्हणजे वायफाय गेलं तरी फोन लागेल, आणि घ्यायच्या आधी आईंच्या बाथरूममध्ये दार लावून उभं राहून त्या कंपनीची रेंज येते का बघा, जुन्या बिल्डिंगच्या जाड भिंतीत एकाची येते एकाची नाही. सेन्सर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच जोडले जातात, नव्या राउटरवर दोन नावं दिसतात त्यातलं ५ वालं नको, यावर मी आयुष्यातले किती तास घालवलेत विचारू नका. सिमचा रिचार्ज वर्षभराचा एकदम मारा.

गोळ्यांसाठी आधी साधा आठवड्याचा डबा, सात दिवस चार कप्पे, मावशींनी किंवा काकूंनी रविवारी भरायचा. तो चुकायला लागला तरच वाजणारा डबा. वाजणाऱ्या यंत्रांचा आवाज बहुधा बारीक टीटी असतो आणि वयाबरोबर नेमके तेच उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, दुकानात तुम्हाला छान ऐकू येईल, आईंना नाही. बोलून आठवण करणारा स्पीकर हवा असेल तर मराठी कळतं का ते बघा, गूगलच्या असिस्टंटला मोबाईलवर मराठी कळतं, अलेक्सा हिंदी आणि इंग्रजीवर अडते. आमच्या एक आजी तिच्याशी हिंदी बोलायच्या, "अलेक्सा, वो भजन लाव." लागायचं कधीकधी.

बीपीचं मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा. मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, गप्प. फोनवर तुमच्याशी बोलता बोलता मोजलेलं बीपी म्हणजे तुमच्या भांडणाचं बीपी. आठवड्यातून दोन दिवस पुरे, डॉक्टरांनी जास्त सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण दिवसाला पाच वेळा मोजणारी माणसं आकडा बघूनच घाबरतात आणि मग आकडा अजून वाढतो. व्हिडिओवर डॉक्टर दाखवणं आता रीतसर आहे, २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने त्याचे नियम काढले, सरकारी ई-संजीवनी तर फुकट आहे, पण तोल जाणं, चक्कर, पडणं यासाठी पहिली भेट समोरासमोरच करा. चालताना पाय कसा पडतो हे फोनवर नीट दिसत नाही.

आता तुमचा कॅमेरा. घोडबंदरच्या एका टॉवरमध्ये मुलाने आजींच्या बेडरूममध्ये कॅमेरा लावला, न विचारता, दिवाळीला आला होता तेव्हा. महिन्याने तो मला म्हणाला कॅमेरा खराब झाला वाटतं, सगळं पांढरं दिसतं. मी गेले तर त्यावर टॉवेल, नीट घडी घालून, दोन कपड्यांचे चिमटे लावून. आजी म्हणाल्या, "अगं मी रात्री पातळ सैल करून झोपते, ते सूनबाईच्या फोनमध्ये कशाला?" मला त्यात चूक काय दिसेना. कॅमेरा पडणं थांबवत नाही, बाथरूममध्ये तो लावता येत नाही, आणि चोवीस तास बघत कुणी बसत नाही. त्यातून सुरू काय होतं तर दुपारी तीनला ऑफिसातून फोन, आई तू गोड का खाल्लंस. दोन बहिणी आणि एक भाऊ तिघे बघत असतील तर मग मावशी वीस मिनिटं उशिरा आल्या यावरून तिघांची जुंपते आणि मावशी काम सोडतात. तुमची अख्खी व्यवस्था त्या मावशींवर उभी आहे हे विसरू नका, त्या दिवशी त्यांनीच उचललं ना आईंना?

तरी लावायचाच असेल तर हॉलमध्ये, दाराच्या दिशेला, एकच, आईंना विचारून, मावशींना सांगून, आणि त्याचा स्विच आईंच्या हाताशी, बंद करायचा हक्क त्यांचा. बेडरूम नाही. पासवर्ड कंपनीने दिलेला पहिल्या दिवशी बदला. मी बहुतेक घरी कॅमेऱ्याऐवजी स्क्रीनवाला स्पीकर सुचवते, ठरलेल्या वेळी तुम्ही व्हिडिओ कॉल करा, तिने उचलला तर उचलला, चेहरा दिसतो, चप्पल घातलीये का दिसतं, मागे ओट्यावर दुधाचं पातेलं आहे का दिसतं.

दुधावरून आठवलं. तुमच्या आईंकडे दूध सकाळी पिशवीत दाराला अडकवून जात असेल तर दूधवाल्या दादांना सांगून ठेवा, कालची पिशवी तशीच दिसली तर बेल वाजव आणि काकूंचं दार ठोक. याला रिचार्ज लागत नाही, रेंज लागत नाही, आणि माझ्या अनुभवात निदान तीन माणसं या पिशवीने वाचवलीत. आईंनी सकाळी दार उघडून पिशवी आत घेतली की समोरच्या काकूंना पण कळतं.

स्मृतिभ्रंश असेल तर मात्र हे सगळं गणित बदलतं. बटण दाबायचं हेच आठवत नाही, गॅस चालू राहतो, संध्याकाळी मला घरी जायचंय म्हणून स्वतःच्याच घरातून निघतात. तिथे जीपीएसचा लॉकेट, गॅसऐवजी आपोआप बंद होणारी इंडक्शन, दाराचा सेन्सर हे मदत करतात पण सोबत माणूस लागतोच. तुमच्या लिहिण्यावरून आईंचं तसं काही वाटत नाही, फक्त इतकं बघा की त्या फोनवर तीच गोष्ट दहा मिनिटांत परत सांगतात का.

पैशांचं म्हणाल तर चाळीस हजारांतले निम्मे सुतार, प्लंबर, ग्रॅब बार, रात्री आपोआप लागणारे दिवे यांना जाऊ देत. मग बटण, तीन सेन्सर, राउटरचा यूपीएस, बीपी मशीन. उरले तर स्क्रीनवाला स्पीकर. मावशींचा पगार थोडा वाढवा, संध्याकाळी एक चक्कर मारायच्या बदल्यात.

आणि हे सगळं आईंशिवाय ठरवू नका. आज फोन कराल तेव्हा कॅमेऱ्याचा विषय काढू नका, रात्री कडी लावतेस का एवढंच विचारा. मावशींना सांगून बाथरूमच्या दाराचे दोन फोटो मागवा, एक आतून एक बाहेरून, बिजागऱ्या दिसतील असे, आणि मला पाठवा. दार कुठल्या बाजूला फिरवता येईल ते त्यावरून सांगते, कधीकधी बाहेर वॉशिंग मशीन असतं आणि दार बाहेर उघडतच नाही, मग सरकतं दार करावं लागतं.